बोटीचं जुनं डिझेल इंजिन : हेड उतरवण्याआधी व्हॉल्व्हचा दोष कसा शोधावा

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. हर्णे, मिरकरवाडा, सातपाटी, वर्सोवा, कुठेही जा, या दोन महिन्यांत बोटी वर ओढलेल्या किंवा खाडीत नांगरलेल्या दिसतात. ऑगस्ट उजाडला की सगळ्यांना एकदमच इंजिन सुरू करायचं असतं आणि नेमका तेव्हाच मिस्त्री मिळत नाही. इंजिन टकटक करतं, मिस मारतं, धूर सोडतं, आणि धक्क्यावरचा कुणीतरी सांगतो, ‘हेड खोल, व्हॉल्व्ह गेले असतील.’

हा लेख जुनं इंजिन पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी आहे. घरची बोट सांभाळू लागलेली मुलं, इंजिनावर नव्याने लागलेले खलाशी, जुनी बोट विकत घेऊ पाहणारे, हे सगळे त्यात आले. माझं सांगणं एवढंच आहे की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह बसवलेलं झाकण, उतरवणं ही शेवटची पायरी आहे. व्हॉल्व्हचा दोष कुठल्या सिलिंडरवर आहे आणि साधारण काय आहे, हे बहुतेक वेळा हेडवरचं रॉकर कव्हर काढून, इंजिन हाताने फिरवून आणि फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पाती) लावून कळतं. आधी हेड उतरवलंत तर यातले निम्मे पुरावे पुसले जातात. पुशरॉडची जागा हलते, गॅप किती होता ते कळत नाही, कुठला रॉकर सैल होता ते आठवत नाही.

पुढचं सगळं चार स्ट्रोकच्या, पुशरॉड असलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला धरून आहे. आपल्याकडच्या ट्रॉलरवरची अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं, किर्लोस्कर, पर्किन्स, सगळ्यांची रचना मुळात एकच. कॅमशाफ्ट फिरतो, त्याच्यावर बसलेलं टॅपेट वर उचललं जातं, टॅपेट पुशरॉडला ढकलतं, पुशरॉड रॉकरचं एक टोक उचलतो आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह खाली दाबतं. परत वर आणण्याचं काम स्प्रिंगचं. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो, म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या टोकामध्ये थोडी जागा सोडलेली असते. टॅपेट सेटिंग करताना हाच गॅप जुळवतात. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन ६०० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला ३०० वेळा, म्हणजे सेकंदाला ५ वेळा उघडतो.

हात लावण्याआधी

गिअर न्यूट्रलमध्ये, स्टॉपचा दांडा ओढलेला, बॅटरीची वायर काढलेली. हाताने इंजिन फिरवताना कुणी चुकून स्टार्टर मारला तर पान्ह्यासकट हात जातो. इंजिनच्या खोलीची झाकणं उघडी ठेवा, कारण बिल्जमधल्या (बोटीच्या तळातल्या) डिझेलची वाफ आणि एग्झॉस्टचा धूर दोन्ही वाईट. पान्हा पुलीच्या नटावर किंवा फ्लायव्हीलवर लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा, आणि फिरवून झाल्यावर पान्हा काढून घेतल्याची खात्री करा.

एक वही घ्या. प्रत्येक सिलिंडरचे दोन रकाने आखा, इनलेट (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) आणि एग्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा). पहिला सिलिंडर कुठल्या टोकाचा ते पुस्तकात किंवा प्लेटवर पाहा. बहुतेक इंजिनांत तो पुढच्या, टायमिंग गिअरच्या बाजूला असतो, पण फ्लायव्हीलकडून मोजणारे कारखानेही आहेत.

मालकाला किंवा आधीच्या तांडेलाला चार प्रश्न विचारा. टॅपेट शेवटचं कधी सेट केलं? हेड शेवटचं कधी उतरवलं? इंजिन कधी तापलं होतं का? पंखा (प्रोपेलर) बदलला का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. मोठा पंखा लावला किंवा तळाला कालवं-शेवाळ चढलं की इंजिनावर कायमचा जादा भार येतो, एग्झॉस्ट तापतं आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात. वरचेवर तोच व्हॉल्व्ह जळत असेल तर दुखणं हेडच्या बाहेर असू शकतं.

पायरी १ : बंद पडून राहिलेलं इंजिन आधी हाताने फिरवा

दोन महिने उभ्या राहिलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारू नका. कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतोच. पावसाळ्याची खारट ओल एग्झॉस्टच्या पाइपातून आत येते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर आणि सीटवर, म्हणजे बंद व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, गंज धरतो. गंजलेला दांडा गाइडमध्ये (तो ज्या नळीत सरकतो तिच्यात) अडकतो. अशा वेळी स्टार्टर मारला तर व्हॉल्व्ह उघडायचा असेल तेव्हा उघडत नाही आणि पुशरॉड वाकतो, किंवा उघडलेला बंद होत नाही आणि पिस्टन येऊन त्याच्यावर आपटतो. अर्ध्या मिनिटात मोठा खर्च उभा राहतो.

म्हणून रॉकर कव्हर काढा, व्हॉल्व्हच्या दांड्यांवर थोडं पातळ तेल सोडा, मुरू द्या आणि इंजिन पान्ह्याने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून बंद झाला पाहिजे. एकेकावर नजर ठेवा. खाली गेलेला वर येताना रेंगाळला तर तो अडकतोय. आणखी तेल सोडा, पुन्हा फिरवा.

फिरताना इंजिन अचानक घट्ट अडलं तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं, आणि पाणी दाबलं जात नाही. इंजेक्टर काढा, मग हळू फिरवून पाणी बाहेर काढा. ते आत कुठून आलं याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. एग्झॉस्टच्या बेंडमध्ये (वळणावर) थंड करायचं पाणी सोडलेलं असेल तर पहिली नजर तिथे टाका.

पायरी २ : थंड इंजिन सुरू करा आणि ऐका

इंजिन थंड असतानाच दोष सगळ्यात स्पष्ट बोलतो. धुराकडे पाहा. सुरू होताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण जळत नाही. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (हवेवरचा दाब) कमी असू शकतं किंवा नोझल (इंजेक्टरचं टोक) खराब असू शकतं. भारावर काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, आणि इनलेट व्हॉल्व्ह पुरेसा उघडत नसेल तरी हेच होतं. एअर फिल्टर काढून हवेच्या तोंडापाशी तळवा धरा, तोंडावर टेकवू नका. हवा एकसारखी आत खेचली गेली पाहिजे. ठेक्यात फुस्स करून हवा बाहेर येत असेल तर एखादा इनलेट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही. एग्झॉस्टच्या तोंडाशी तोच ठेका चुकत असेल तर संशय एग्झॉस्ट व्हॉल्व्हवर.

मिस मारणारा, म्हणजे डिझेल न जाळणारा, सिलिंडर शोधायची जुनी रीत म्हणजे इंजेक्टरच्या पाइपाचा नट एकेक करून किंचित सैल करणं. नट सैल केल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मिस मारतोय. हे फक्त जुन्या पंपाच्या इंजिनावर, आयडलवर, नटाभोवती फडकं धरून करा. डिझेलची बारीक धार कातडीत शिरली तर ती जखम वरून लहान दिसते, पण तिला लगेच हॉस्पिटल लागतं. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) नव्या इंजिनावर हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

याच चाचणीतून आवाजाचाही उलगडा होतो. नट सैल करताच टकटक थांबली किंवा मऊ झाली तर ती जळणाची किंवा खालच्या बेअरिंगची, पिस्टनची आहे, कारण त्या सिलिंडरवरचा दाब गेला. तशीच चालू राहिली तर व्हॉल्व्हकडे पाहा. व्हॉल्व्हची टकटक हलकी, सुक्या आवाजाची असते. खालच्या बेअरिंगचा ठोका जड असतो, पायाखालच्या फळीला जाणवतो आणि भार टाकल्यावर वाढतो. तो ऐकू आला तर इंजिन ताबडतोब बंद करा, हा लेख बाजूला ठेवा आणि मिस्त्रीची वाट पाहा.

जागा पक्की करायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रॉकर कव्हरच्या बोल्टावर एकेक करून टेका आणि मूठ कानाला लावा. फिरत्या पट्ट्यापासून गमछा आणि बाह्या दूर ठेवा.

एग्झॉस्टच्या प्रत्येक पोर्टचं तापमान मोजून थंड सिलिंडर शोधता येतो असं मोटारीवाले सांगतात, आणि ते खरं आहे. बोटीच्या इंजिनावर मात्र एग्झॉस्टच्या मॅनिफोल्डभोवती पुष्कळदा पाण्याचं जॅकेट असतं. तिथे तापमानाची गन पाण्याचं तापमान दाखवते. त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

पायरी ३ : कव्हर काढून डोळ्यांनी पाहा

इंजिन बंद, कव्हर बाहेर. आधी पुसू नका, पाहा. प्रत्येक रॉकरपर्यंत तेल पोचलंय का? एखादा रॉकर कोरडा, निळसर किंवा तपकिरी झालेला असेल तर रॉकर शाफ्टचं तेलाचं छिद्र गाळाने बुजलंय. कव्हरच्या आत दुधट साय दिसली तर पाणी किंवा दमट हवा तेलात गेली आहे.

मग स्प्रिंगा पाहा. तुटलेली स्प्रिंग पुष्कळदा आपल्या जागेवरच उभी असते, म्हणून टॉर्च लावून प्रत्येक वेढा बघावा लागतो. दुहेरी स्प्रिंग असेल आणि आतली तुटली तर बाहेरची तिला झाकते. स्प्रिंगच्या टोपीला धरणारे दोन अर्धे लॉक एकाच उंचीवर बसलेत का पाहा. एक वर, एक खाली असेल तर इंजिन सुरू करू नका. लॉक सुटला की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो.

इंजिन फिरवत, त्या त्या वेळी जे व्हॉल्व्ह बंद असायला हवेत त्यांच्या टोकांवरून एक सरळ पट्टी धरून पाहा. इनलेटची इनलेटशी, एग्झॉस्टची एग्झॉस्टशी तुलना करायची. एखादं टोक इतरांपेक्षा वर आलेलं असेल तर त्याची सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल बसलाय. खाली असेल तर तो अडकून अर्धवट उघडा आहे.

पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. व्हॉल्व्ह बंद असताना तो सहज फिरला पाहिजे. फिरताना वरचं टोक डोलत असेल तर तो वाकलाय. काढून सपाट काचेवर घरंगळवला की खात्री होते. वाकलेला पुशरॉड ठोकून सरळ करणारे बरेच भेटतील. तसं करू नका. नवा टाका, आणि तो का वाकला ते आधी शोधा, कारण पुशरॉड आपण होऊन वाकत नाही. त्याच्या पुढे काहीतरी अडलेलं असतं.

पायरी ४ : गॅप मोजा, पण लगेच सेट करू नका

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. फिलर गेज घालायचा, स्क्रू फिरवायचा, पुढे जायचं. इंजिन तेवढ्यापुरतं शांत होतं आणि दोष लपतो. आधी सगळे गॅप जसे आहेत तसे मोजून वहीत लिहा. तुमच्या इंजिनाबद्दल सगळ्यात जास्त माहिती याच पानावर असेल.

किती गॅप ठेवायचा ते इंजिनाच्या पुस्तकातून किंवा प्लेटवरून घ्या, आणि तो थंड इंजिनाचा की गरम हेही पाहा. उदाहरणार्थ पर्किन्स ४.२३६ ला थंड असताना ०.३० मिमी आणि गरम असताना ०.२५ मिमी. मिस्त्रींच्या भाषेत बारा थाऊ आणि दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शेजारच्या बोटीचा आकडा आपल्या इंजिनाला लावू नका. पुष्कळ इंजिनांत एग्झॉस्टचा गॅप इनलेटपेक्षा जास्त असतो.

कुठला सिलिंडर केव्हा मोजायचा? सहा सिलिंडरच्या इंजिनात ज्यांचे पिस्टन एकदम वर-खाली होतात अशा जोड्यांची बेरीज सात होते : १ आणि ६, २ आणि ५, ३ आणि ४. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४ असो की १-४-२-६-३-५, जोड्या याच. इंजिन फिरवत सहाव्या सिलिंडरकडे पाहा. त्याचा एग्झॉस्ट बंद होतोय आणि इनलेट उघडायला लागतोय, दोन्ही रॉकर हलताहेत, त्या क्षणी थांबा. आता पहिल्याचे दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत, ते मोजा. मग पाचव्याचे हलताना दुसऱ्याचे मोजा, आणि असंच पुढे. चार सिलिंडरच्या इंजिनात जोड्यांची बेरीज पाच होते.

योग्य जाडीचं पातं घातल्यावर किंचित ओढ लागली पाहिजे. जुन्या इंजिनात एक अडचण येते. रॉकरच्या तोंडावर व्हॉल्व्हच्या टोकाने खळगा पाडलेला असतो. रुंद पातं त्या खळग्यावरून पुलासारखं आडवं बसतं आणि खरा गॅप दाखवत नाही. आकडा बरोबर, तरी टकटक थांबत नाही, असं झालं तर अरुंद पातं घेऊन पुन्हा मोजा आणि रॉकरचं तोंड पाहा.

आता वहीतले आकडे वाचा. सगळेच थोडेथोडे वाढलेत, तर ती नेहमीची झीज आहे, सेट करा आणि चालवा. एकच गॅप खूप वाढलाय, तर लॉकनट सैल झाला असेल, पुशरॉड वाकला किंवा खाचेतून सटकला असेल, कॅम झिजला असेल, किंवा व्हॉल्व्ह अडकून खालीच राहिला असेल.

गॅप कमी झालाय, किंवा उरलाच नाही, तर तिथे जास्त लक्ष द्या. सैल व्हॉल्व्ह आवाज करतो, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. घट्ट व्हॉल्व्ह गप्प असतो, पण जळतो तोच. बंद व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटमधून हेडला देतो. गॅप संपला की तो सीटवर पुरता टेकत नाही, उष्णता बाहेर जात नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि कड खाऊन टाकतो. आधी टकटक करणारं इंजिन काहीही न करता शांत झालं, तर तेव्हाच गॅप मोजा. गॅप सेट करूनही थोड्या तासांत पुन्हा कमी होत असेल तर सीट खचतेय किंवा व्हॉल्व्ह ताणला जातोय. अशा वेळी हेड उतरवायला पर्याय नाही. उलट, पुन्हापुन्हा एकाच जागी वाढत असेल तर कॅम किंवा टॅपेटचा तळ खराब होतोय.

पायरी ५ : लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मोजा

कॅमचा संशय असेल तर डायल गेज व्हॉल्व्हच्या टोपीवर टेकवा, इंजिन फिरवा आणि व्हॉल्व्ह किती खाली जातो ते लिहा. डायल गेज नसेल तर व्हर्नियरने बंद आणि पूर्ण उघडा अशी दोन मापं घ्या. सगळे इनलेट एकमेकांशी जुळले पाहिजेत, सगळे एग्झॉस्ट एकमेकांशी. एखादा अर्धा-एक मिलिमीटर कमी उघडत असेल आणि त्याचा गॅप बरोबर असेल, तर कॅमचं शिखर किंवा टॅपेट झिजलंय. तेलाच्या फिल्टरची घडी उलगडून चुंबक फिरवा. लोखंडाचा चमकदार कीस निघाला तर संशय आणखी पक्का होतो. काही इंजिनांत बाजूचं कव्हर काढून टॅपेट दिसतात, काहींत कॅमशाफ्ट बाहेर काढावा लागतो. तो खर्च ठरवण्याआधी हे मोजमाप हातात असू द्या.

पायरी ६ : हवा भरून गळती ऐका

गॅप ठीक, लिफ्ट ठीक, तरी एक सिलिंडर कमजोर. त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (दोन्ही व्हॉल्व्ह बंद आणि पिस्टन अगदी वर) आणा, इंजेक्टर काढून त्या जागी अडॅप्टर लावा आणि कॉम्प्रेसरची हवा हळूहळू सोडा. हवेच्या दाबाने इंजिन झटक्यात फिरू शकतं, म्हणून पुलीवर पान्हा अडकवून ठेवलेला नसावा आणि हात दूर असावेत. मग कान लावा. इनलेटच्या तोंडातून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, एग्झॉस्टमधून आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडातून किंवा ब्रेदरमधून आली तर रिंगा किंवा लायनर, आणि मग व्हॉल्व्हवर पैसे घालून उपयोग नाही. पाण्याच्या टाकीत बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेडला चीर.

सगळेच सिलिंडर सारखे कमजोर असतील आणि इंजिन नुकतंच कुणीतरी जोडलेलं असेल, तर टायमिंगच्या खुणा पाहा. गिअरवर चालणारं टायमिंग आपोआप सहसा हलत नाही, चूक जोडणीत होते.

हेड उतरवायचं ठरलं तर

तुटलेली स्प्रिंग बदलायला पुष्कळदा हेड उतरवावं लागत नाही. पिस्टन अगदी वर आणला की व्हॉल्व्ह थोडासाच खाली जाऊन पिस्टनवर टेकतो. मात्र काम संपेपर्यंत क्रँक जराही फिरता कामा नये.

जळालेला व्हॉल्व्ह, खचलेली सीट, गाइडमध्ये डुलणारा दांडा, ही वर्कशॉपची कामं. हेडबरोबर वहीचं ते पान द्या, म्हणजे कुठल्या व्हॉल्व्हकडे विशेष पाहायचं ते त्यांना कळेल. पुशरॉड आणि रॉकर ज्या जागेचे त्याच जागी परत जायला हवेत, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून, नंबर घालून त्यात पुशरॉड खोचून ठेवा. हेड परत घेताना समोर रॉकेलची चाचणी करून मागा : हेड असं धरायचं की पोर्टचं तोंड वर येईल, पोर्टमध्ये रॉकेल भरायचं आणि व्हॉल्व्हच्या कडेने पाझर येतो का ते काही मिनिटं पाहायचं. ओल दिसली तर हेड घेऊ नका, पुन्हा लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) करायला सांगा. आणि व्हॉल्व्ह का जळला ते शोधल्याशिवाय नवा चालवू नका. नोझल टपकतंय का, पाणी नीट फिरतंय का, पंखा इंजिनाला झेपतोय का, तिन्ही तपासा.

जोडल्यावर बोल्ट पुस्तकातल्या क्रमाने आणि टॉर्कने घट्ट करा. इंजिन चालवून गरम करा, थंड झाल्यावर गॅप पुन्हा मोजा, कारण नवं गॅस्केट बसलं की आकडे सरकतात. साधारण ५० तास चालल्यावर आणखी एकदा मोजा आणि त्याच वहीत, जुन्या आकड्यांच्या शेजारी, तारीख आणि तास घालून लिहा.